वाहन विकल्यावर क्रमांक कोणाचा?
मोटार वाहनांच्या पसंतीच्या नोंदणी क्रमांकासंबंधी कायद्याची भूमिका, विक्रेत्याची जबाबदारी आणि नागरिकांनी घ्यावयाची दक्षता

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला दोन ओळखी असतात. पहिली ओळख कारखान्यात मिळते. ती सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, कोरलेली असते आणि वाहन भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. दुसरी ओळख शासन देते. ती पुढच्या व मागच्या पाटीवर सर्वांना दिसेल अशी लावलेली असते आणि तिलाच नोंदणी चिन्ह अथवा व्यवहारात 'गाडीचा नंबर' असे म्हणतात. पहिली ओळख तज्ज्ञांसाठी, तर दुसरी जनतेसाठी. अपघात घडला, चोरी झाली किंवा नियमभंग झाला, तर रस्त्यावरील सामान्य मनुष्याच्या हाती त्या वाहनाचा माग म्हणून केवळ हा क्रमांकच असतो.

असे असले तरी गेल्या काही दशकांत या क्रमांकाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. नागपूर शहराचा एमएच ३१, नागपूर ग्रामीणचा एमएच ४० आणि पूर्व नागपूरचा एमएच ४९ या तिन्ही मालिकांत ठराविक क्रमांकासाठी शासनाकडे शुल्क भरणारे नागरिक आढळतात. कोणाला जन्मतारीख हवी असते, कोणाला अंकांची बेरीज नऊ यावी असे वाटते, तर कोणाला वडिलांच्या जुन्या स्कूटरवर असलेले चार अंक नव्या मोटारीवरही दिसावेत अशी ओढ असते. या भावनेत गैर असे काही नाही. परंतु काही वर्षांनी तीच गाडी विकण्याची वेळ आली, की प्रश्न उभा राहतो : पैसे मोजून घेतलेला हा क्रमांक स्वतःकडे ठेवता येईल काय? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर गृहीत धरून केलेला व्यवहार विक्रेत्याला फार महाग पडू शकतो. म्हणून या विषयाची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

क्रमांक पद्धतीची पूर्वपीठिका

वाहनाला पाटी लावण्याची सक्ती जगात प्रथम फ्रान्समध्ये झाली. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ साली तसा आदेश काढला. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटार कार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीची नोंदणी आवश्यक ठरली. भारतात १९१४ साली मोटार वाहन कायदा आला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली व त्याच्या परिशिष्टात निरनिराळ्या प्रांतांना अक्षरांचे गट वाटून देण्यात आले. त्या पद्धतीनुसार तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे चारपर्यंत अंक अशी पाटी असे. जुन्या छायाचित्रांतून आणि चित्रपटांतून अशा पाट्या आजही पाहावयास मिळतात.

आजची पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक अशी तिची रचना आहे. त्यामुळे एमएच ३२ दिसताच वाहन वर्ध्याचे, एमएच ३४ दिसताच चंद्रपूरचे आणि एमएच ३६ दिसताच भंडाऱ्याचे, हे विदर्भातील शाळकरी मुलालाही सांगता येते. प्रत्येक मालिकेत ०००१ ते ९९९९ असे क्रमांक असतात. मालिका संपली की पुढील अक्षरांची मालिका सुरू होते आणि तेच चार अंक नव्या अक्षरांसह पुन्हा उपलब्ध होतात. ही साधी गोष्ट पसंतीच्या क्रमांकाची आवड असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे दिसून येईल.

कायद्याची मूळ भूमिका

१९८८ च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये नोंदणीची रीत सांगितली आहे. नोंदणी प्राधिकाऱ्याने वाहनाला एक विशिष्ट चिन्ह नेमून द्यावे आणि ते वाहनावर विहित रीतीने प्रदर्शित केले जावे, असे तेथे म्हटले आहे. चिन्ह नेमून दिले जाते ते वाहनाला, मालकाला नव्हे. मालकाचे नाव त्या चिन्हासमोर नोंदवहीत लिहिले जाते. मालक बदलला की नाव बदलते. चिन्ह तेथेच राहते.

शेतजमिनीच्या उदाहरणाने ही गोष्ट सहज समजेल. जमिनीचा गट क्रमांक जमिनीचा असतो. शेत विकल्यावर जुना मालक आपला गट क्रमांक उचलून दुसऱ्या शेताला लावू शकत नाही. सातबारावर फेरफार होतो, खातेदाराचे नाव बदलते, पण गट क्रमांक तोच राहतो. वाहनाच्या नोंदवहीचे तत्त्व याहून वेगळे नाही. किंबहुना शेत जागचे हलत नाही आणि वाहन दिवसाला शेकडो किलोमीटर धावते, म्हणून येथे त्या तत्त्वाची गरज अधिकच आहे.

याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक. वाहन कोणाच्या दारात उभे आहे, किल्ली कोणाच्या खिशात आहे, पैसे कोणी मोजले, या गोष्टींना व्याख्येत स्थान नाही. या व्याख्येचा परिणाम किती दूरवर जातो हे पुढे पाहू.

पसंतीचा क्रमांक म्हणजे नेमके काय मिळते?

महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये विशिष्ट क्रमांक शुल्क भरून आगाऊ राखून ठेवण्याची तरतूद आहे. नवीन वाहनावर नोंदणी चिन्ह लागल्याशिवाय विक्रेत्याने ते ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, असा नियम २०१९ च्या कायदा दुरुस्तीने केलेला असल्यामुळे पसंतीच्या क्रमांकाची व्यवस्था गाडी घरी आणण्यापूर्वीच करावी लागते. एकाच क्रमांकासाठी एकाहून अधिक अर्ज आले, तर अर्जदारांमध्ये लिलाव होऊन अधिक रक्कम देणाऱ्यास तो क्रमांक मिळतो.

राज्य शासनाने ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने या शुल्कात वाढ केली. चारचाकी वाहनासाठी ०००१ या क्रमांकाचे शुल्क ३ लाख रुपयांवरून ५ लाख रुपये झाले आणि मुंबई, पुणे यांसारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी ते ६ लाख रुपये ठरले. दुचाकीसाठी हेच शुल्क ५० हजारांवरून १ लाख रुपयांवर गेले. चालू मालिकेबाहेरचा क्रमांक हवा असल्यास तिप्पट शुल्क भरावे लागते. या रकमा शासनाच्या महसुलात जमा होतात. सर्वसाधारण क्रमांक मात्र मालिकेतील क्रमाने मिळतो व त्यासाठी असे वेगळे शुल्क भरावे लागत नाही.

एवढी रक्कम भरल्यानंतर नागरिकास काय प्राप्त होते, याचा विचार केला पाहिजे. त्यास प्राप्त होतो तो त्या क्रमांकाच्या वाटपातील अग्रक्रम. रांगेत जो क्रमांक आला असता त्याऐवजी निवडलेला क्रमांक त्याच्या वाहनाला नेमून दिला जातो. एकदा तो नेमून दिला, की त्याला इतर कोणत्याही नोंदणी चिन्हाचेच नियम लागू होतात. तो क्रमांक दागिन्यासारखा काढून पेटीत ठेवता येत नाही, परस्पर विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. शुल्क भरले म्हणून क्रमांकाची मालकी मिळाली, हा समज या विषयातील सर्व गोंधळाचे मूळ आहे.

विक्रीनंतर क्रमांकाचे काय होते?

समजा, धरमपेठेतील एका गृहस्थाने एमएच ३१ मालिकेतील आपली मोटार काटोल येथील शेतकऱ्याला विकली. दोघेही महाराष्ट्रातच राहतात. अशा व्यवहारात नोंदणी चिन्ह बदलत नाही. काटोल नागपूर ग्रामीण कार्यालयाच्या क्षेत्रात येत असले, तरी गाडीवर एमएच ३१ हीच पाटी राहील आणि पूर्वीच्या मालकाने हौसेने घेतलेला क्रमांक नव्या मालकाच्या दारी जाईल.

समजा, तीच मोटार छिंदवाडा किंवा सिवनी येथील ग्राहकाने घेतली. नागपूर हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे शहर असल्याने असे व्यवहार येथे नवलाचे नाहीत. अशा वेळी विक्रेत्याच्या नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाचे असल्यास कलम ४७ नुसार तेथील नवे चिन्ह घ्यावे लागते. गाडीवरील महाराष्ट्राचा क्रमांक तेथे संपतो. परंतु म्हणून तो आपोआप जुन्या मालकाच्या नव्या गाडीला मिळतो असे नाही.

मग क्रमांकाची आवड जपण्याचा वैध मार्ग कोणता? पहिला मार्ग कुटुंबातील हस्तांतरणाचा आहे. पूर्वी पसंतीचा क्रमांक कुटुंबीयांच्या नावे करण्यास मनाई होती. २०२४ च्या उपरोक्त अधिसूचनेने पती किंवा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्या नावे तो हस्तांतरित करण्यास मुभा दिली आहे. दुसरा मार्ग तेच चार अंक नव्या मालिकेत राखून घेण्याचा आहे. मालिका बदलताच प्रत्येक चार अंकी क्रमांक नव्याने उपलब्ध होत असल्यामुळे, थोडा धीर धरल्यास जुन्या गाडीचे अंक नव्या गाडीवर रीतसर आणता येतात. अक्षरे वेगळी असतील, पण घरच्यांना प्रिय असलेले अंक तेच राहतील. वाहन परक्या व्यक्तीला विकताना जुना क्रमांक जसाच्या तसा राखून ठेवण्याचा विचार असल्यास मात्र सौदा ठरविण्यापूर्वी नोंदणी कार्यालयात लेखी विचारणा करावी. नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय क्रमांक गाडीपासून वेगळा होत नाही, ही गोष्ट विक्रेता आणि खरेदीदार दोघांनीही गृहीत धरून चालावे.

बदलीच्या नोकरीतील अधिकारी व कर्मचारी यांच्यासाठी २०२१ साली 'बीएच' अथवा भारत मालिका सुरू झाली. केंद्र व राज्य शासनाचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असणाऱ्या खाजगी आस्थापनांतील कर्मचारी यांना ती घेता येते. राज्य बदलले तरी तिचा क्रमांक बदलावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरता येतो. तथापि या मालिकेतही क्रमांक वाहनाचाच असतो. तो वाहनाबरोबर राज्याच्या सीमा ओलांडतो एवढाच फरक आहे.

अन्य ठिकाणची पद्धत

सर्वत्र हाच नियम आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये वाहन विकण्यापूर्वी मालकास आपला क्रमांक राखून ठेवता येतो. त्यासाठी ८० पौंड शुल्क भरून अर्ज केला की वाहनाला दुसरा क्रमांक दिला जातो व मालकास दहा वर्षे मुदतीचे, पुढे नूतनीकरण करता येणारे, प्रमाणपत्र मिळते. तेथील शासन १९८९ पासून स्वतःच आकर्षक क्रमांकांची विक्री करीत आहे. दुबईत तर एप्रिल २०२३ मध्ये 'पी ७' ही एक पाटी ५ कोटी ५० लाख दिरहमला विकली गेली. अमेरिकेतील अनेक राज्यांत गाडी विकताना मालक पाटी काढून स्वतःकडे ठेवतो.

भारतातही काही राज्यांनी या दिशेने पाऊल टाकले आहे. शेजारच्या गुजरात राज्याने २०२२ साली जुन्या वाहनाचा क्रमांक त्याच मालकाच्या नव्या वाहनासाठी राखण्याचे धोरण जाहीर केले.

या सर्व उदाहरणांतून एक बोध घेण्यासारखा आहे. जेथे क्रमांक राखता येतो तेथेही तो मालकाच्या मर्जीने नव्हे, तर नोंदवहीतील नोंदीने हलतो. ब्रिटनमध्ये क्रमांक काढून घेतलेली गाडी क्षणभरही बिनक्रमांकाची राहत नाही; तिला त्याच वेळी दुसरे चिन्ह मिळते. अमेरिकेत पाटी मालकाकडे राहत असली, तरी वाहनाची ओळख चेसिस क्रमांक व मालकीपत्र यांच्या आधारे चालू राहते. 'हे वाहन आज कोणाचे' या प्रश्नाला नोंदवहीतून एकच उत्तर मिळाले पाहिजे, हे तत्त्व कोणीही सोडलेले नाही.

दोन चुकीचे मार्ग

क्रमांकाच्या मोहापायी दोन चुका घडण्याचा संभव असतो. पहिली म्हणजे जुन्या गाडीची पाटी काढून नव्या गाडीला लावणे. असे करणे बेकायदेशीर तर आहेच, आता ते लपविणेही कठीण झाले आहे. १ एप्रिल २०१९ पासून नवीन वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे सक्तीचे झाले आणि त्यापूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक करण्यात आली आहे. या पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम असते, लेझरने कोरलेला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो आणि ती एकदा बसविली की न मोडता निघणार नाही अशा कुलपी खिळ्यांनी जोडलेली असते. काचेवरील तिसऱ्या चिकटपाटीवरही वाहनाच्या नोंदणीचा तपशील असतो. पूर्वी ४१४१ हे अंक 'दादा' असे किंवा २१४ हे अंक 'राम' असे वाचले जावेत, अशा वळणाने पाट्या रंगविण्याची हौस दिसून येई. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ५० व ५१ मध्ये अक्षरे व अंक यांचा आकार आणि वळण ठरवून दिलेले असल्याने अशा पाट्याही नियमबाह्य ठरतात.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती चूक आहे हे करणाऱ्यास जाणवतही नाही. गाडी विकली, पैसे घेतले, को-या अर्जांवर सह्या करून दिल्या आणि 'नावावर करून घ्या' असे सांगून विक्रेता निर्धास्त झाला. कधी खरेदीदार आळस करतो, कधी मध्यस्थ गाडी पुढे विकण्याच्या बेताने नोंद टाळतो, तर कधी क्रमांकाशी आपले नाव जोडलेले राहावे या ओढीने विक्रेताच चालढकल करतो. कारण काही असो, नोंदवहीत विक्रेत्याचे नाव तसेच राहते.

याचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निर्णयावरून स्पष्ट होते. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने २००७ साली विकली होती. पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावे होती. २००९ साली त्या मोटारीच्या अपघातात एका मुलाचा बळी गेला. नुकसानभरपाई कोणी द्यावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आहे आणि भरपाईची जबाबदारी त्याची आहे. अपघातग्रस्ताने खरेदीदारांच्या साखळीचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा कायद्याला नाही.

या निर्णयामागील न्याय समजून घेतला पाहिजे. ज्या कुटुंबातील माणूस गेला, त्याच्या हाती केवळ पाटीवरचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून नोंदवहीत जे नाव निघेल त्यावर विसंबून राहण्याचा त्या कुटुंबाला हक्क आहे. विक्रेता व खरेदीदार यांच्यातील साधा करार त्यांच्या आपसातील वादात उपयोगी पडेल. पण अपघातात बळी पडलेल्याच्या वारसांपुढे तो ठेवून जबाबदारी झटकता येणार नाही.

अपघाताचा प्रसंग न आला तरी लहान त्रास सुरूच राहतात. वाहतूक नियमभंगाचे ई-चलन नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते. नागपूरहून मुंबईस जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्णपणे खुला झाला आहे. त्यावर किंवा अन्य कोणत्याही पथकर नाक्यावर गाडी गेली, तर फास्टॅग ज्याच्या खात्याशी जोडलेला आहे त्याच्या खात्यातून रक्कम वजा होते. गाडीचा उपयोग एखाद्या गुन्ह्यात झाला, तर चौकशीची पहिली पायरी जुन्या मालकाच्याच दारी येते.

विक्रेत्याने करावयाची कामे

हे सर्व टाळण्यासाठी करावयाची कामे अवघड नाहीत. ती वेळेवर करणे एवढेच महत्त्वाचे आहे.

एक : विक्रीपूर्वी थकलेला कर आणि प्रलंबित चलने भरून टाकावीत. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज असल्यास ते फेडून नमुना ३५ द्वारे नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा कमी करून घ्यावा.

दोन : वाहन राज्यातच विकले असल्यास कलम ५० नुसार विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्यास विक्रीची सूचना द्यावी. परराज्यात विकले असल्यास ही मुदत ४५ दिवसांची आहे. सूचना दिल्याची पोच जपून ठेवावी.

तीन : खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नमुना ३० मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो. तो केला की नाही, याची विक्रेत्याने 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत खातरजमा करावी. को-या नमुन्यांवर सह्या करून देऊ नयेत.

चार : विमापत्राची व्यवस्था करावी. कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीसंबंधीचे विमासंरक्षण विक्रीच्या दिवसापासून खरेदीदाराकडे गेले असे मानले जाते. तथापि खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे आपल्या नावाची नोंद करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो.

पाच : फास्टॅग बंद करावा आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ नमूद केलेली पावती खरेदीदाराच्या सहीने घ्यावी.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यावसायिकांसाठी केंद्र शासनाने १ एप्रिल २०२३ पासून प्राधिकरणाची पद्धत अमलात आणली आहे. असा प्राधिकृत व्यावसायिक गाडी ताब्यात घेताना नोंदणी प्राधिकाऱ्यास तशी सूचना देतो आणि गाडी पुढे विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावर राहते. मध्यस्थामार्फत गाडी विकावयाची असल्यास तो अशा रीतीने प्राधिकृत आहे काय, हे आधी पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विक्रेत्याला गाडीबरोबर क्रमांक सोडावा लागत असला, तरी एक मौल्यवान वस्तू त्याला हमखास स्वतःकडे ठेवता येते. ती म्हणजे विम्यावरील दावारहित सवलत, जिला व्यवहारात 'नो क्लेम बोनस' म्हणतात. ही सवलत गाडीची नसते, विमाधारकाची असते. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ती २० टक्के असते व सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाते. गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत खरेदी केलेल्या त्याच वर्गातील वाहनासाठी ती वापरता येते. मात्र क्रमांकासाठी हळहळणारे अनेकजण हे प्रमाणपत्र मागण्याचे विसरून जातात आणि वर्षानुवर्षे सावधपणे गाडी चालवून मिळविलेली सवलत गमावून बसतात.

ग्रामीण भागासाठी विशेष सूचना

गावपातळीवर हा विषय ट्रॅक्टर, मोटारसायकल व मालवाहू वाहने यांच्या संदर्भात वारंवार उपस्थित होतो. कुटुंबप्रमुखाच्या निधनानंतर ट्रॅक्टर तसाच चालू राहतो आणि नोंद मात्र मृत व्यक्तीच्या नावे राहते. अशा वेळी वारसाने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यावी आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा, असा नियम आहे. वाहनाचा क्रमांक तोच राहतो. वारसनोंदीच्या फेरफारासाठी तलाठी कार्यालयात जाणाऱ्या कुटुंबास वाहनाच्या नोंदीचीही आठवण करून देणे, हे ग्रामपंचायत सदस्यांकडून सहज होण्यासारखे काम आहे.

लिलावात घेतलेल्या वाहनासाठी नमुना ३२ वापरावा लागतो व खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. स्थानिक संस्थांनी आपली जुनी वाहने काढून टाकताना हे लक्षात ठेवावे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले असून ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडे सोपवावयाची आहेत. वाहन मोडीत निघाले की त्याची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. गाडी भंगारात आणि क्रमांक नोंदवहीत जिवंत, अशी स्थिती गैरवापराला वाव देते.

नोंदवहीचा विश्वास

पसंतीचा क्रमांक ही हौस आहे आणि शासनाने तिला रीतसर वाट करून दिली आहे. तिच्यापासून सार्वजनिक महसुलातही भर पडते. परंतु नोंदणी चिन्ह निर्माण झाले ते हौसेसाठी नव्हे. रस्त्यावर जखमी झालेल्या अनोळखी माणसाला, ज्याच्यामुळे आपणावर आघात झाला त्याचे नाव कळावे, यासाठी ते निर्माण झाले. त्या माणसाचा नोंदवहीवरील विश्वास टिकवून ठेवणे हे परिवहन विभागाचे जितके काम आहे, तितकेच ते प्रत्येक वाहनमालकाचेही आहे.

शिक्षकांनी रस्ता सुरक्षेच्या पाठात, अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात आणि लोकप्रतिनिधींनी ग्रामसभेत ही माहिती सांगितली, तर पुष्कळ कुटुंबांवरील संभाव्य संकट टळेल. गाडी विकताना किल्ली खरेदीदाराच्या हाती देण्याच्या दिवशीच नमुना २९ भरण्याचा प्रघात प्रत्येक घराने पाडावा. आवडीचे चार अंक नव्या मालिकेत पुन्हा मिळू शकतात. न केलेल्या नोंदीमुळे आलेली जबाबदारी मात्र सहजासहजी सुटत नाही.